करार कागदावर, तेल किनाऱ्यावर: मधलं काम कोण करतं?

पावसाळा सुरू झाला की जुहू, अक्सा, गोराईपासून खाली किहीम-अलिबागपर्यंत वाळूत काळे, चिकट गोळे दिसू लागतात. पायाला लागले की साबणाने जात नाहीत, खोबरेल चोळावं लागतं. लोक त्यांना डांबरगोळे म्हणतात, पण ते रस्त्यावरचं डांबर नव्हे. खोल समुद्रात सांडलेलं किंवा गुपचूप सोडलेलं तेल लाटांनी घुसळून, उन्हात आटून घट्ट होतं आणि नैर्ऋत्येचा वारा ते आपल्या दारात आणून टाकतो.

२५ मे २०२५ रोजी कोचीजवळ एमएससी एल्सा ३ हे जहाज ६४० कंटेनर घेऊन बुडालं आणि केरळच्या किनाऱ्यावर साबुदाण्याएवढे प्लास्टिकचे दाणे पसरले. तेव्हा पुन्हा तोच प्रश्न आला. समुद्रात घाण टाकू नये, असे आंतरराष्ट्रीय करार चाळीस-पन्नास वर्षांपासून आहेत. देशांनी त्यावर सह्या केल्या आहेत. मग ते पाळले जातात की नाही, हे बघतं कोण?

सरकारं बघतात, हे उत्तर अर्धंच खरं आहे. सरकारला बघायला भाग पाडण्याचं आणि काय बघायचं ते पुराव्यासह दाखवण्याचं बरंचसं काम पर्यावरण संस्था करतात.

करार म्हणतो तरी काय?

या विषयात संक्षेपांचा सुळसुळाट आहे. आपल्याला त्यातलं एकच नाव नीट समजून घ्यायचं आहे: मारपोल. जहाजांमुळे होणारं प्रदूषण रोखण्याचा हा मुख्य करार. तो १९७३ साली झाला, १९७८ मध्ये त्याला जोड दिली गेली आणि १९८३ पासून तो लागू झाला. लंडनमधली आंतरराष्ट्रीय सागरी संघटना, म्हणजे आयएमओ, त्याचा कारभार बघते. मारपोलला सहा परिशिष्टं आहेत: तेल, घातक द्रवरसायनं, कंटेनर-पिंपांतला घातक माल, मैलापाणी, कचरा आणि धूर.

नियम अगदी नेमके आहेत. इंजिनखोलीच्या तळाशी तेल मिसळलेलं पाणी साचतं. ते समुद्रात सोडायचं असेल तर जहाज चालू हवं, पाणी यंत्रातून गाळलेलं हवं आणि त्यात तेलाचं प्रमाण दहा लाखांत १५ भागांपेक्षा जास्त नको. गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीत तीन चहाचे चमचे तेल, एवढीच ही मुभा आहे. प्लास्टिकला तर अजिबात मुभा नाही, कुठल्याही समुद्रात, किनाऱ्यापासून कितीही लांब.

मारपोलचे शेजारी तीन. किनाऱ्यावरचा कचरा जहाजात भरून समुद्रात नेऊन टाकण्याविरुद्धचा १९७२ चा लंडन करार, घातक कचऱ्याच्या परदेशी वाहतुकीचा १९८९ चा बाझल करार, आणि जुनी जहाजं तोडण्याबाबतचा २००९ चा हाँगकाँग करार. हा शेवटचा लागू व्हायला २६ जून २०२५ उजाडलं. दारूखान्यात जहाजं तुटताना पाहिलेल्या मुंबईकराला त्याचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

सोसायटीचे नियम आहेत, वॉचमन नाही

सोसायटीच्या नोटिस बोर्डावर नियम लावलेले असतात. पण वॉचमन नसेल आणि सेक्रेटरी स्वतःच गॅलरीतून कचरा टाकत असेल तर त्या नियमांना कोण विचारतो? समुद्रावरची स्थिती बरीचशी अशीच आहे.

खोल समुद्रात जहाजावर कायदा चालतो तो ज्या देशात त्याची नोंदणी आहे त्या देशाचा. त्याला ध्वजदेश म्हणतात. मुंबईत फिरणाऱ्या काही महागड्या गाड्यांवर पुदुचेरीची नंबरप्लेट का असते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. जहाजांचंही तसंच. मालक ग्रीसचा, खलाशी फिलिपिन्सचे नि भारतातले, माल चीनचा आणि झेंडा लायबेरिया, पनामा किंवा मार्शल बेटांचा. एल्सा ३ वर लायबेरियाचा झेंडा होता. अरबी समुद्रात तेल सोडणाऱ्या जहाजावर खटला भरण्याची उत्सुकता इतक्या लांबच्या देशाला किती असणार?

म्हणून दुसरी फळी बंदरांची. जहाज ज्या बंदरात येईल तिथले अधिकारी ते तपासू शकतात, रोखून ठेवू शकतात. न्हावा शेवा आणि मुंबई बंदरात हे काम नौवहन महासंचालनालयाचे सर्वेक्षक करतात. पण सगळी जहाजं तपासणं शक्य नसतं. धोका जास्त दिसेल तीच निवडावी लागतात.

तिसरी अडचण फारशी बोलली जात नाही. कचरा समुद्रात टाकू नका असं सांगायचं, तर बंदरात तो उतरवून घेण्याची सोय हवी. मारपोलमध्ये ती जबाबदारी बंदराच्या देशावर आहे. घंटागाडी वेळेवर आली नाही, आली तर जास्त पैसे मागू लागली, की पिशव्या नाल्यात जातात. टाकीतला तेलगाळ उतरवायला बंदरात दोन दिवस थांबावं लागणार असेल, तर त्या दोन दिवसांचं भाडं कॅप्टनच्या डोक्यात घोळू लागतं.

आकडा टाकणं, जहाजावरचं

वीजमीटर वगळून तारेवर आकडा टाकतात, तशीच युक्ती इंजिनखोलीत चालते. गाळणयंत्र वगळून तेलकट पाणी थेट बाहेर सोडणारी एक तात्पुरती नळी जोडायची. जहाजांवरच्या बोलीत तिला ‘मॅजिक पाइप’ म्हणतात. हे रात्रीचं, किनाऱ्यापासून लांब असताना होतं. बंदर जवळ आलं की नळी काढून सांध्यावर रंग मारायचा.

फसतं ते वहीत. प्रत्येक मोठ्या जहाजाला तेलाची नोंदवही ठेवावी लागते: किती गाळ साचला, किती जाळला, किती बंदरात दिला, गाळणयंत्र किती तास चाललं. शेवटच्या नोंदीनंतर ती तीन वर्षं जपून ठेवायची असते. खोटी वही लिहिणाऱ्याचा हिशेब कुठेतरी चुकतोच. यंत्राची क्षमता तासाला दोन हजार लिटर आणि वहीत तासाभरात चार हजार गाळल्याची नोंद, असं काहीतरी सापडतं. जाणता तपासनीस आधी नळ्या बघत नाही, वही बघतो. नंतर नव्याने रंगवलेले सांधे शोधतो.

संस्था काय करतात? पुरावा उभा करतात

पर्यावरण संस्था म्हटलं की फलक, घोषणा आणि किनारा स्वच्छता मोहीम डोळ्यांसमोर येते. करार पाळायला लावण्याचं काम त्याहून कोरडं आणि चिवट आहे.

सगळ्यात ठसठशीत उदाहरण १९९३ चं. ऑक्टोबर महिन्यात रशियन नौदलाचं जहाज जपानच्या समुद्रात सुमारे ९०० टन किरणोत्सारी द्रवकचरा ओतत होतं. ग्रीनपीसने पाठलाग करून त्याचं चित्रण केलं. दृश्यं जपानी घराघरांत पोचली आणि तोवर बंदीबाबत कुरकुर करणाऱ्या जपानने भूमिका बदलली. पुढच्याच महिन्यात लंडन कराराच्या बैठकीत सौम्य किरणोत्सारी कचराही समुद्रात टाकण्यावर पूर्ण बंदी मंजूर झाली. रशियाने ती तेव्हा स्वीकारली नाही, त्याला आणखी दहा-बारा वर्षं लागली. पण नियम बदलला तो काही मिनिटांच्या चित्रणाने.

आज पाठलाग आकाशातून होतो. युरोपच्या सेंटिनेल-१ उपग्रहाची रडारचित्रं कोणालाही फुकट मिळतात. तेलाचा तवंग पाण्यावरच्या बारीक लहरी दाबून टाकतो, त्यामुळे रडारवर तो भाग काळा दिसतो. जहाजं आपला ठावठिकाणा सतत प्रसारित करत असतात. त्या मार्गावर तवंगाची काळी रेघ जुळवली की संशयित सापडतो. अमेरिकेतली स्कायट्रुथ ही संस्था हेच काम करते.

यात गफलतीही होतात. वारा अगदी पडलेला असेल तर स्वच्छ पाणीही काळं दिसतं. शेवाळाचे थर, पावसाची सरही फसवते. उलट, जोराच्या वाऱ्यात तवंग फुटून नाहीसा होतो आणि रडारला काहीच दिसत नाही. म्हणजे ज्या जून-जुलैत आपल्याकडे डांबरगोळे येतात, नेमकं तेव्हाच आकाशातला डोळा अधू असतो. शिवाय संशयित सापडणं आणि गुन्हा सिद्ध होणं यांत मोठं अंतर आहे. नुसत्या उपग्रहाच्या चित्रावरून जहाजाला सहसा दंड होत नाही. पुढच्या बंदरात त्याची वही आणि टाक्या तपासायच्या की नाही, एवढं त्यावरून ठरवता येतं. संस्थेने हे चित्र तासाभरात बंदराला कळवलं तर उपयोग, आठवड्याने कळवलं तर नाही.

तिसरं काम कागद वाचण्याचं. इक्वासिस या मोफत नोंदसंग्रहात कुठल्याही व्यापारी जहाजाचा मालक, विमा आणि आजवरच्या तपासण्या दिसतात. ब्रुसेल्सची एनजीओ शिपब्रेकिंग प्लॅटफॉर्म ही आघाडी दरवर्षी कुठलं जहाज कुठल्या किनाऱ्यावर तोडलं गेलं याची यादीच काढते. शेवटच्या प्रवासापूर्वी झेंडा नि नाव बदलून मालक हात झटकतात, ते या यादीत उघडं पडतं.

लंडनच्या सभागृहात मत नाही, पण माइक आहे

आयएमओचे १७६ सदस्य देश आहेत. मत फक्त देशांना. काही संघटनांना सल्लागार दर्जा मिळतो, म्हणजे त्या कागदपत्रं सादर करू शकतात आणि देशांचं बोलून झालं की बोलू शकतात. त्यातल्या बहुतेक जहाजमालक, विमा कंपन्या, बंदरं अशा व्यवसायांच्या आहेत. पर्यावरणवाले मूठभर: फ्रेंड्स ऑफ द अर्थ, ग्रीनपीस, डब्ल्यूडब्ल्यूएफ, क्लीन शिपिंग कोअलिशन वगैरे.

मग उपयोग काय? लहान देशांकडे या बैठकांसाठी एखाद-दुसराच अधिकारी असतो. मोजमापं, तुलना, मसुद्याची भाषा असं सगळं तयार मिळालं तर तो ते उचलतो आणि आपल्या देशाच्या नावे मांडतो. आर्क्टिकमध्ये जहाजांनी जड इंधन तेल वापरू नये, ही मागणी संस्थांनी अशीच वर्षानुवर्षं रेटली. बंदी २०२१ मध्ये मंजूर झाली आणि १ जुलै २०२४ पासून लागू झाली. पण किनाऱ्यावरच्या देशांना आपल्या जहाजांसाठी २०२९ पर्यंत सवलत देण्याची पळवाटही त्यात शिरली. संस्थांचं बळ कुठवर पोचतं, ते यावरून कळतं.

न्हावा शेवाचे १३३ कंटेनर

करारावर सही झाली म्हणून तो आपोआप इथला कायदा होत नाही. राज्यघटनेच्या कलम २५३ नुसार संसदेने तसा कायदा करायचा असतो. जहाजांबाबत तो मर्चंट शिपिंग कायदा, १९५८ चा, आणि आता संसदेने २०२५ मध्ये मंजूर केलेला नवा. कायदा आणि करार यांच्या मध्ये जी फट राहते, तिथे जनहित याचिका कामी येते.

लुब्रिकेटिंग तेल म्हणून आयात झालेले १३३ कंटेनर न्हावा शेवा बंदरात पडून होते. आत होतं वापरून टाकलेलं घातक तेल. एका संशोधन संस्थेने १९९५ साली बाझल कराराचा आधार घेऊन सर्वोच्च न्यायालयात जी याचिका केली होती, तिच्यात हे प्रकरण आलं. जानेवारी २००५ मध्ये न्यायालयाने ते तेल जाळून नष्ट करण्याचा आदेश दिला, आणि तोही आयातदारांच्या खर्चाने. त्याच वर्षअखेरीस ॲस्बेस्टॉसने भरलेली फ्रेंच विमानवाहू नौका क्लेमांसो गुजरातेतल्या अलंगला तोडण्यासाठी निघाली होती. संस्थांनी फ्रान्समध्येही खटला लढवला आणि फेब्रुवारी २००६ मध्ये नौका परत बोलावली गेली. एकाच वेळी दोन देशांत धक्का देणं सरकारांना जमत नाही, संस्थांना जमतं.

दुसरं उदाहरण अगदी दाराशी घडलेलं. ४ ऑगस्ट २०११ रोजी राक कॅरियर हे पनामाच्या झेंड्याचं जहाज मुंबईपासून सुमारे वीस सागरी मैलांवर बुडालं. आत साठ हजार टन कोळसा आणि तीनशेहून अधिक टन इंधन होतं. वर्षभरापूर्वीच, ऑगस्ट २०१० मध्ये, एमएससी चित्रा आणि खलिजिया ३ यांची टक्कर होऊन सुमारे ८०० टन तेल सांडलं होतं, तेही मासेमारीचा हंगाम सुरू होण्याच्या सुमारास. राक कॅरियरबाबत मुंबईतल्या एका पर्यावरण कार्यकर्त्याने राष्ट्रीय हरित लवादाकडे अर्ज केला. ऑगस्ट २०१६ मध्ये लवादाने जहाजाशी संबंधित कंपन्यांना १०० कोटी आणि कोळशाच्या मालकाला ५ कोटी रुपये भरपाई ठोठावली. माल बुडाला तर मालाच्या मालकाचंही उत्तरदायित्व आहे, हा त्यातला नवा भाग. निकालाला पाच वर्षं लागली, ही त्यातली जुनीच गोष्ट.

कोलंबोजवळ २०२१ मध्ये जळून बुडालेल्या एक्स-प्रेस पर्लमधून सुमारे १,६८० टन प्लास्टिकचे दाणे सांडले होते. तिथल्या पर्यावरण संस्था, मच्छीमार आणि इतरांच्या याचिकांवर श्रीलंकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये १ अब्ज डॉलर भरपाईचा आदेश दिला. पण हे दाणे अजूनही ‘घातक माल’ या वर्गात नाहीत. ते नीट बांधा, डेकखाली ठेवा, अशी आयएमओची २०२४ ची शिफारस आहे, सक्ती नाही. एल्सा ३ नंतर केरळमध्ये लोक चाळणीने वाळू चाळत होते, त्यामागे हेही एक कारण आहे.

‘हे सरकारचं काम नाही का?’

आहेच. पण सरकार इथे एका वेळी तीन खुर्च्यांवर बसतं. बंदराचं उत्पन्न त्याचं, तपासणीही त्याची आणि करार पाळल्याचा अहवाल आयएमओला पाठवण्याचं कामही त्याचंच. मारपोलखालचे वार्षिक अहवाल अनेक देश पाठवतच नाहीत. तिसऱ्या खुर्चीवरून पहिल्या खुर्चीबद्दल तक्रार कोण लिहिणार?

‘संस्था चुकत नाहीत का?’

चुकतात, आणि चूक महागात पडते. १९९५ मध्ये उत्तर समुद्रातली ब्रेंट स्पार ही वापरातून बाद झालेली तरंगती तेलटाकी समुद्रात बुडवण्याला ग्रीनपीसने विरोध केला आणि तिच्यात ५,५०० टन तेल असल्याचं जाहीर केलं. नंतर कळलं, की नमुना टाकीतून न घेता टाकीकडे जाणाऱ्या नळीतून घेतला गेला होता. संस्थेला जाहीर माफी मागावी लागली. मूळ मुद्दा टिकला, १९९८ मध्ये ईशान्य अटलांटिकच्या देशांनी असे सांगाडे समुद्रात टाकण्यावर बंदी घातली. पण पुढची कित्येक वर्षं ‘तुमचे आकडे ब्रेंट स्पारसारखे तर नाहीत ना?’ हा टोमणा ऐकावा लागला. परदेशी पैशाचा, विकासविरोधाचा आरोप होतो तेव्हाही कसोटी हीच लावावी: नमुना कुठून घेतला, कसा घेतला, आणि दुसऱ्याला तो तपासता येतो का?

‘कचरा तर मिठी नदीतूनच जातो!’

खरंय. दादरच्या चौपाटीवर भरतीने आणलेल्या पिशव्या कुठल्या जहाजाच्या नाहीत, आपल्या आहेत. मारपोल मिठीला हात लावत नाही. जमिनीवरून समुद्रात जाणाऱ्या घाणीसाठी तेवढा दात असलेला जागतिक करारच नाही. प्लास्टिकबाबत तो करायचं २०२२ मध्ये नैरोबीत ठरलं, पण ऑगस्ट २०२५ ची जिनिव्हाची फेरीही एकमताविना संपली. तिथे संस्थांना अजून पाळायला लावण्यासारखं काही हातातच आलेलं नाही.

वाळूत गोळे दिसले तर

आधी तटरक्षक दलाला १५५४ वर कळवायचं. नमुना घ्यायचा असेल तर रबरी मोजे घालून, स्टीलच्या चमच्याने, स्वच्छ काचेच्या बरणीत घ्यायचा आणि झाकणाखाली ॲल्युमिनियमची फॉइल लावायची. प्लास्टिकची पिशवी नको, तिच्यातली रसायनं नमुन्यात उतरतात. लिंबाएवढा गोळा पुरतो. शेजारची स्वच्छ वाळूही दुसऱ्या बरणीत घ्यावी, म्हणजे तिथे आधीपासून काय होतं ते कळतं. शेजारी नाणं ठेवून फोटो, ठिकाण, वेळ, भरती की ओहोटी, बरणीवर दोघांच्या सह्या, आणि ती कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेली याची नोंद करावी. ही साखळी एका ठिकाणी तुटली तरी समोरचा वकील तिथेच बोट ठेवतो. बरणी अंधारात, फ्रिजमध्ये ठेवायची.

प्रयोगशाळा तेलातले असे घटक शोधते जे ऊनपाण्यातही टिकतात. प्रत्येक तेलात त्यांचं प्रमाण वेगळं असतं, बोटांच्या ठशांसारखं. जुळवायला दुसरा ठसा हवा, आणि तो जहाजावरच असतो. मारपोलप्रमाणे इंधन भरताना निदान ४०० मिलिलिटरचा नमुना मोहोरबंद करून, पुरवठादार आणि जहाज दोघांच्या सह्यांसह ठेवावा लागतो. हेतू गंधक तपासण्याचा, पण तेल तेच. हरित लवादाकडे वादाचा अर्ज सहा महिन्यांत करायचा असतो. भरपाईसाठी पाच वर्षांची मुदत आहे आणि भरपाई मागायची नसेल तर शुल्क एक हजार रुपये. पाच वर्षं आहेत म्हणून सावकाश जाणाऱ्याची मात्र गोची होते, कारण ती मोहोरबंद बाटली जहाजाने सांभाळायची सक्ती इंधन संपेपर्यंत आणि निदान बारा महिने, एवढीच आहे.